कंसातलं तळेगाव

ऑफिसात "माझं आजोळ तळेगाव" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अरे वा, मग लोकलने जातोस का?" दरवेळी सांगावं लागतं की ते दाभाड्यांचं. माझं वर्धा जिल्ह्यातलं, तळेगाव (श्यामजी पंत). हो, कंसासकट. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे, खुद्द वर्ध्यात तळेगाव टालाटुले आहे. प्रोग्रॅमर मंडळींना नेमस्पेस कशाला लागते ते वेगळं सांगायला नको :)

हे सगळं आठवलं मामेभावाच्या फोनमुळे. "दादा, हायवेला लागून प्लॉट आहे. घेऊन टाक. पाच वर्षांत नागपूरवाले इथं राहून अपडाउन करतील." मामला माझ्या चार वर्षांच्या बचतीचा, म्हणून अख्खा वीकएंड याच विचारात गेला.

आधी दाभाड्यांचं तळेगाव बघू. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ सालची, म्हणजे रूळ तेव्हापासून आहेत. पण पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली १९७८ मध्ये. मध्ये तब्बल १२० वर्षं! पुणं पस्तीसेक किलोमीटर, पास स्वस्त, एक गाडी चुकली तर मागून दुसरी. एवढं जुळलं तेव्हा कुठे तिथे राहून पुण्यात नोकरी करणं सोपं झालं.

आपल्या तळेगावहून नागपूर शंभरेक किलोमीटर, अमरावती पन्नास-साठ. रेल्वे नाहीच. कापसासाठी इंग्रजांच्या काळात पुलगावहून नॅरोगेज निघाली ती आर्वीपर्यंत येऊन थांबली, आणि आता तीही बंद. गंमत म्हणजे 'अपडाउन' हा शब्द मात्र रेल्वेचा!

गावाला जे मिळालं ते रस्त्यामुळे. नागपूर-अमरावती महामार्ग (जुना ६ नंबर, आता ५३) इथून जातो, आर्वी आणि आष्टीकडचे रस्ते त्याला इथेच मिळतात. तालुक्याचं ठिकाण आष्टी, पण एसटीचं आगार तळेगावला. माझ्या मते या गावाचा इतिहास लिहायचा तर त्या आगारापासूनच सुरुवात करावी.

आता अपडाउन कोण करतं? मामेभावाचं गणित इथेच उलटं आहे. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले साहेब, यांतले बरेच जण राहतात आर्वीला नाहीतर अमरावतीला, मुलांच्या शाळेसाठी. सकाळी गावात येतात आणि संध्याकाळी निघून जातात. मुख्यालयी राहण्याची अट आणि घरभाडे भत्ता यावरची भांडणं महाराष्ट्रभर चालतात ती याच मंडळींवरून. म्हणजे इथे शहरातला माणूस कामाला गावात येतो, आणि त्याचा पगार शहरात खर्च होतो.

गावातून बाहेर जातात ती मुख्यतः शाळा-कॉलेजची पोरं. एसटीच्या मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं, विद्यार्थ्यांना त्याहून मोठी सवलत. २०२१-२२ च्या संपात एसटी महिनोन्‌महिने बंद होती. तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती पोरांचं, विशेषतः पोरींचं कॉलेज त्या एका लाल गाडीवर अवलंबून आहे ते कळलं.

आणि बायका? मामाकडे पहाटे जाग येते ती मजूर बायांनी भरलेल्या गाड्यांच्या आवाजाने. कापूस वेचायला, सोयाबीन कापायला दुसऱ्या गावी. २०११ च्या जनगणनेत विचारलं, की कामाचं ठिकाण घरापासून किती लांब आणि जाता कशाने. पण ते फक्त 'इतर कामगारांना', शेतकरी आणि शेतमजूर वगळून. म्हणजे रोज उठून दुसऱ्या गावी कामाला जाणाऱ्या या बायका त्या तक्त्यात शून्य. मला हे वाचून खरंच राग आला. आपण आयटी पार्कच्या ट्रॅफिकवर केवढं रडतो!

राहता राहिला चारपदरी रस्ता. त्याने वेळ वाचला, शंका नाही. पण समृद्धी महामार्ग (नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२, पूर्ण रस्ता जून २०२५) गावाच्या दक्षिणेकडून गेला. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना आता तळेगावला चहाला थांबायचं कारणच उरलं नाही.

मामेभावाला एवढं सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "बाकीचं जाऊ दे दादा. नागपूरला नोकरी लागली तर तू राहशील का इथं?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर करतो.