नोकरीच्या अर्जाची कुळकथा

परीक्षांचे निकाल लागले, कीं जळगांव-धुळ्याकडील घराघरांत एक नवें लेखन सुरू होतें. नांव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव अशा क्रमानें तरुण मंडळी आपला परिचय कागदावर मांडूं लागतात. त्याला कोणी अर्ज म्हणतात, कोणी बायोडाटा. हा प्रकार सर्वस्वीं साहेबाकडून आला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु ‘मी कोण, मला काय येतें, आणि हें काम मलाच कां द्यावें’ या तीन प्रश्नांचीं उत्तरें खानदेशांत शेंकडों वर्षें दिलीं जात आहेत. काळागणिक उत्तर मात्र बदलत गेलें, आणि त्या बदलांतच आजच्या विषयाचा खरा इतिहास आहे.

चाळीसगांवापासून जवळच, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटणादेवीचें स्थान आहे. तेथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला. लेख इ. स. १२०७ मधील. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापन केला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेव यानें त्याला दान दिलें, ही त्यांतील मुख्य हकीकत. लेखाचा बराच भाग संस्कृत. पण शेवटीं मराठी ओळी येतात, आणि पाटणच्या बाजारांतील कराचें उत्पन्न मठाकडे कसें जावें तें त्या सांगतात.

हा कांहीं नोकरीचा अर्ज नव्हे. तरी चांगदेवाची योग्यता त्यांत कशी सांगितली आहे तें पाहण्यासारखें आहे. आरंभ त्रिविक्रमापासून. मग भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर, आणि नवव्या पिढीस स्वतः चांगदेव. लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निपुण आहे असें जाणून जैत्रपाल राजानें त्याला या गांवाहून नेलें व पंडितांचा अग्रणी केलें, असेंही लेख सांगतो. कोणी नेमलें, कशासाठीं नेमलें, कोणतें पद दिलें, सारें कांहीं आलें! मात्र मनुष्य तेथें एकटा उभा नाहीं. त्याच्या पाठीशीं आठ पिढ्या उभ्या आहेत. विद्येला मान होता. पण ती कुळाचें बोट धरून दरबारांत येत असे.

पुढें १६०१ मध्यें अकबरानें असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. मोगलांच्या लष्करांत सरदार हजेरीच्या दिवशीं उसनीं माणसें आणि उसनीं घोडीं उभीं करून सरकारचा पैसा उकळीत. त्यावर अकबरानें तोड काढली ती ‘दाग’ आणि ‘चेहरा’ यांची. घोड्याला डाग द्यावयाचा. आणि शिपायाचें नांव, बापाचें नांव, जात, राहण्याचें ठिकाण, वर्ण, अंगावरील खुणा हें सर्व लिहून ठेवावयाचें. नोकरीच्या कागदांत खोटें भरण्याची विद्या आजची नव्हे, आणि तें पडताळून पाहण्याची युक्तीही आजची नव्हे.

मराठी अमदानींतील पत्रव्यवहार पाहावयाचा तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यांतच निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ ही संस्था उभी राहिली. जुन्या मोडी पत्रांत मायना ठरलेला, शेवटही ठरलेला. कोणी कोणास काय म्हणून संबोधावें याचे नियम कडक होते. पाटिलकी, कुलकर्ण हीं तर वतनेंच. तीं जन्मानें मिळावयाचीं. बाकीच्यांना कोणाचा तरी वशिला किंवा जामीन लागे. म्हणजे पिढ्यांची मालिका आंखूड झाली. पण ‘तूं कोणाचा?’ हा प्रश्न कायम राहिला.

इंग्रजी अंमल खानदेशांत १८१८ सालीं आला. १८२५ मध्यें औट्रम यानें धरणगांव येथें भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्याशीं सरकार लढत होतें त्यांतूनच शिपाई निवडले गेले. त्यांच्यापाशीं ना दाखला, ना शिफारसपत्र. डोंगराची माहिती आणि अंगचें धाडस हीच त्यांची लायकी. नंतर हळूहळू कागदाचें राज्य आलें. साहेब लोक नोकरांना चालचलणुकीची चिठ्ठी देऊं लागले, आणि आपला हा ‘चिठ्ठी’ शब्द त्यांच्या भाषेंतही जाऊन बसला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें. मॅट्रिक आणि व्हर्नाक्युलर फायनल हे परवलीचे शब्द झाले. ‘कोणाचा?’ याच्या जागीं ‘काय पास?’ असें विचारलें जाऊं लागलें.

हा बदल लहान नव्हता. कुळ बदलतां येत नाहीं. परीक्षा देतां येते. परंतु परीक्षेस बसण्याआधीं शाळेची पायरी चढावी लागते, आणि ती सर्वांना मोकळी नव्हती. महात्मा फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, आणि शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतील असावेत असें सुचविलें, त्याचें मर्म हेंच होतें.

आणि पायरी चढून गेल्यावरही काय घडे? १९२९ सालीं मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशांत आले होते. कोलंबिया विद्यापीठाचे पीएच्. डी., लंडनचे डी. एस्सी., बॅरिस्टर, मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद. एवढा मोठा परिचय त्या वेळीं देशांत कितीजणांच्या पदरीं असेल? पण चाळीसगांवच्या स्टेशनावर त्यांचा टांगा हांकण्यास टांगेवाला तयार होईना. शेवटीं टांगा तेवढा मिळाला, आणि कधींही टांगा न हांकलेल्या एका वस्तीकऱ्यानें तो हांकला. वाटेंत मोरीवर टांगा कलंडला, आणि डॉ. आंबेडकर दगडांवर फेकले जाऊन त्यांच्या पायाचें हाड मोडलें. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या तालुक्यांत चांगदेवाची वंशावळ दगडावर कोरली गेली, त्याच तालुक्यांत सातशें वर्षांनंतर पदव्यांपुढें ‘कोणाचा?’ हा प्रश्न पुन्हा येऊन उभा राहिला. अर्ज लिहिणाऱ्यानें कितीही चांगला लिहावा. वाचणाऱ्याची दृष्टि निर्मळ नसेल तर कागद काय करणार?

तरी लिहिणाऱ्याचें काम उरतेंच. त्याचा उत्तम नमुना मद्रासकडील आहे. १९१२ च्या फेब्रुवारींत श्रीनिवास रामानुजन यांनीं मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठीं अर्ज केला. मॅट्रिक झालों, पुढचें शिक्षण अडचणींमुळें पुरें झालें नाहीं, पण सारा वेळ गणितांत घालवितों, म्हणून हें काम मला करतां येईल, असा त्याचा आशय. सोबत एका प्राध्यापकाचें शिफारसपत्र होतें. अपुरेपण लपविलेलें नाहीं, गुण फुगविलेला नाहीं, आणि हातचें काम मागितलेल्या कामाशीं जोडून दाखविलें आहे. मार्चमध्यें ते कामावर रुजू झाले.

आजच्या उमेदवारानें एवढें ध्यानांत धरलें तरी पुष्कळ झालें. वडिलांचा हुद्दा आणि मोठ्यांच्या ओळखी यांनीं जागा अडवूं नये. ‘मेहनती, हुशार, प्रामाणिक’ हीं विशेषणें कोणालाही लिहितां येतात. त्यांऐवजीं काय केलें, कोठें केलें, किती दिवस केलें तें लिहावें. ज्या जागेसाठीं अर्ज आहे तिच्या उपयोगाचें आधीं यावें. आणि जें विचारलें असतां दाखवितां येणार नाहीं, तें लिहूंच नये.

जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालापासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. आसोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. त्यांच्या कविता लेंकानें व आप्तांनीं उतरून घेतल्या, आणि त्यांच्या पश्चात् १९५२ मध्यें त्या पुस्तकरूपानें निघाल्या. खानदेशांतील हजारों तरुणांच्या पदवीपत्रावर आज त्यांचें नांव छापलेलें असतें. तें पदवीपत्र अर्जाला जोडतांना अर्जदारानें तें नांव एकदां वाचावें. आणि अर्ज उघडणाऱ्या अधिकाऱ्यानेंही वाचावें.