बसायला जागा

बाबासाहेबांच्या वाचनाचा विषय निघाला की आपण लगेच आकड्यांकडे वळतो. किती पुस्तकं, किती पदव्या, रोजचे किती तास. माझ्या डोक्यात मात्र एक साधा प्रश्न घोळत राहतो: हा माणूस वाचायला बसायचा कुठे?

सुरुवात परळच्या डबक चाळीत. एकच खोली, त्यातच चूल, जळण, भांडी आणि अख्खं कुटुंब. रामजी सुभेदारांनी यावर उपाय काढला. मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी जागं राहायचं. रात्री दोनला ते त्याला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टाइम-शेअरिंग म्हणतो. इथे वाटून घ्यायची गोष्ट होती हातभर जमीन. पुस्तकाला पैसे नसले की सुभेदार सासरी असलेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून भीमरावांनी फारसी घेतली.

घरात जागा नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर चर्नी रोडची बाग. लेखक आणि शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर तिथे येत. एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला आणि त्याला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. 1907 साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं.

1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठ, पोटाला चिमटा आणि जुन्या पुस्तकांची दुकानं. जमलेली सुमारे 2000 पुस्तकं त्यांनी भारतात पाठवण्यासाठी एका मित्राच्या हवाली केली. त्यातली सगळी पोचली नाहीत. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकांसकट सामान वेगळ्या जहाजाने निघालं होतं. महायुद्धाचे दिवस. पाणतीर लागून ते जहाज बुडालं. बॅकअप वगैरे काही नव्हतं.

त्यानंतरचं बडोदं त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. शिष्यवृत्तीच्या करारापोटी संस्थानात नोकरी करायची, पण राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून पारशी सराईत आसरा घेतला. वरच्या मजल्यावर ते एकटे, हॉलमध्ये अडगळ, मिणमिणता कंदील, वटवाघळांची फडफड. तशातही पुस्तकात डोकं घालून ते एकटेपण विसरायला बघत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले: संध्याकाळपर्यंत चालता हो. ओळखीच्या दोघांकडे विचारून झालं, तिथेही सोय होईना. मुंबईची गाडी रात्रीची. तोवर कोलंबियाचा हा एम.ए. कामाठी बागेत बसून राहिला.

पुण्यात भाड्याने घर शोधताना पगार, कंपनी सगळं विचारून झाल्यावर "आणि पूर्ण नाव?" म्हणणारे घरमालक मला भेटलेत. नाव सांगितलं की फ्लॅट कालच गेलेला असतो. अशाच एका संध्याकाळी बसथांब्यावर उभं राहून मी मोबाईलवर हे प्रकरण पुन्हा वाचलं. कोलंबियापेक्षा ती बाग मला जवळची वाटली. काठ्यांच्या जागी आता "कळवतो" असतं, एवढंच.

1920 मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात दार उघडताच आत, बंद होताना बाहेर. दुपारचं जेवण बहुधा नाहीच. रात्री भूक लागली की कुणीतरी दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे, वर कपभर दूध आणि पुन्हा वाचन. त्या कठोर दिनक्रमाचं आपण फार कौतुक करतो. मला वाटतं, त्या कक्षात त्यांना एक खुर्ची मिळत होती आणि तिथून कुणी उठवत नव्हतं, हेही त्यांना पुरेसं असेल.

1930च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं राहिलं. त्याच्या आराखड्यात त्यांनी स्वतः लक्ष घातलं होतं. कुटुंब खाली, वर ग्रंथालय. लोक आधी घर बांधतात आणि उरलेल्या भिंतीला कपाट लावतात. इथे घरच पुस्तकांसाठी बांधलेलं. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती.

1946 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. स्वतःची बरीच पुस्तकं त्यांनी त्याच्या ग्रंथालयाला दिली. तासिका सकाळच्या ठेवल्या होत्या, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना येता यावं.