बुद्ध लेणी पाहायला जायचंय? कामठ्याहून विजासन, पवनी आणि अजिंठा कसं गाठायचं, तिथं काय पाहायचं

कामठा (ता. गोंदिया) : धान चुरून झालं, की आपल्या भागात बाहेरगावी जाण्याचे बेत सुरू होतात. कोणी रामटेकला जातं, कोणी डोंगरगडला, तर बरेच जण दीक्षाभूमीला. त्यात अलीकडे लेण्यांची भर पडली आहे. पण लेणी म्हटलं की अजिंठा-वेरूळच डोळ्यासमोर येतं. विदर्भातच, एका दिवसात जाऊन येता येईल अशी बुद्ध लेणी आहेत हे कामठा, आमगाव, सालेकसा भागातल्या अनेकांना माहीत नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. सालेकसा तालुक्यातलं कचारगड हे बौद्ध लेणं नाही. ती नैसर्गिक गुहा आहे आणि गोंड समाजाचं ते श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तिथं मोठी कोयापूनेम यात्रा भरते. गुहा म्हणजे डोंगरात आपोआप तयार झालेली पोकळी, आणि लेणी म्हणजे माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेली जागा. कचारगडला जरूर जावं, पण तिथं बुद्धमूर्ती शोधत फिरू नये.

गोंदिया जिल्ह्यात मोठी कोरीव लेणी का नाहीत, याचं कारण दगडात आहे. अजिंठा, वेरूळ, कार्ले, नाशिक इथले डोंगर काळ्या बेसाल्टचे. लाव्हारसाचे थरावर थर बसून तो दगड तयार झाला, त्यामुळे तो एकसंध आणि कोरायला सोयीचा. हा काळा दगड नागपूरच्या आसपास संपत जातो. पुढं वैनगंगेच्या खोऱ्यात वेगळे आणि फार जुने खडक लागतात. म्हणून आपल्याकडे भिक्खूंसाठी डोंगर कोरण्यापेक्षा विटा-मातीचे स्तूप बांधले गेले. त्याचा सर्वांत जवळचा नमुना पवनीला आहे.

पवनी : आपल्याच जुन्या जिल्ह्यातला स्तूप

1 मे 1999 पर्यंत गोंदिया आणि भंडारा हा एकच जिल्हा होता, म्हणजे पवनी ही आपल्याच जुन्या जिल्ह्यातली. वैनगंगेच्या काठावरचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वीही नांदतं होतं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं मिळून खोदकाम केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत होते, त्याच्या पोटात मोठा स्तूप निघाला. दगडी खांब निघाले, त्यांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली अक्षरं होती.

पवनीच्या शिल्पांमध्ये मुचलिंद नागाचं शिल्प प्रसिद्ध आहे. पाच फण्यांचा नाग आणि त्याच्या खाली रिकामं आसन. आसनावर बुद्ध नाही. पाहणाऱ्याला वाटतं मूर्ती चोरीला गेली. तसं नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धतच नव्हती. आसन, बोधिवृक्ष, चक्र, पावलं अशा खुणांनी बुद्ध दाखवत. मूर्ती नंतर आल्या. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर कुठलंही जुनं लेणं वाचता येतं.

पवनीला जाण्यासाठी गोंदियाहून रेल्वेनं भंडारा रोड (वरठी) गाठावं, तिथून भंडारा आणि भंडाऱ्याहून एसटी. भंडारा ते पवनी साधारण 45 किलोमीटर.

विजासन : जवळचं खरं लेणं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, म्हणजे जुन्या भांदकला, गावाजवळच्या विजासन टेकडीत बुद्ध लेणी आहेत. डोंगरात सरळ आत एक लांब बोळ कोरलेला आहे, सुमारे 71 फुटांचा. त्याच्या टोकाला गाभारा आणि आत आसनावर बसलेली भव्य बुद्धमूर्ती. या बोळाला काटकोनात उजवीकडे व डावीकडे आणखी दोन बोळ फुटतात, त्यांच्या टोकालाही गाभारा आणि मूर्ती. आत शिरलं की थंडावा जाणवतो आणि बाहेरचा आवाज तुटतो. अजिंठ्यासारखी रंगीत चित्रं इथं नाहीत. पण गर्दीत ढकलाढकली न होता निवांत बसायला मिळतं, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसांसाठी अजिंठ्यापेक्षा हेच बरं.

1873-74 च्या सुमारास इंग्रज पुरातत्त्व अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम इथं आला होता. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात कोसल देशाच्या ज्या राजधानीत आला, ती भांदकच असावी असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या काळात अनेक अभ्यासकांनी तो मान छत्तीसगडमधल्या सिरपूरला दिला. सिरपूरही आपल्याला दूर नाही. रायपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं रस्ता. तिथं लेणी नसून विटांचे विहार आहेत.

भद्रावतीचा रस्ता कामठावाल्यांना सोपा पडतो. गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत चांदा फोर्टला नेते. चांदा फोर्ट म्हणजे चंद्रपूर शहरच. तिथून नागपूर रस्त्यावर भद्रावती साधारण 25 किलोमीटर, एसटी भरपूर. या मार्गावर गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधीच विचारून घ्यावी. सोबत चांगली बॅटरी ठेवावी, मोबाईलचा उजेड गाभाऱ्यात पुरत नाही. गावात पार्श्वनाथाचं मोठं जैन मंदिर आणि भद्रनागाचं मंदिरही आहे.

अजिंठा : सोमवारी जाऊ नका

अजिंठ्यासाठी गोंदियाहूनच सुटणारी विदर्भ एक्सप्रेस किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून जळगावला उतरावं. गाडी बदलायची भानगड नाही. जळगावहून लेणी साधारण 60 किलोमीटर. खासगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या फाट्यावर थांबावं लागतं आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. दरवर्षी कोणी ना कोणी रात्रभर प्रवास करून सोमवारी सकाळी बंद दारापुढं उभं राहतं. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पायऱ्या खूप आहेत, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले मिळतात.

वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारख्या कड्यात ही लेणी आहेत. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज शिकारीला गेला असता त्याला ती दिसली, असं पुस्तकात असतं. लेणी क्रमांक 9 आणि 10 ही जुनी, इसवी सनापूर्वीच्या काळापासूनची. बहुतेक बाकीची पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. क्रमांक 16 चं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं, तसा लेख तिथं आहे. वाकाटक हे विदर्भाचेच. एका शाखेची राजधानी वाशीमला आणि दुसरीची रामटेकजवळ नगरधन-मनसर भागात. म्हणजे अजिंठ्याचा पैसा बराचसा विदर्भातून गेला.

लेण्यात दोनच प्रकार ओळखले तरी पुष्कळ. आत स्तूप असलेला, कमानी छताचा लांब दिवाणखाना म्हणजे चैत्य, प्रार्थनेची जागा. मधे चौक आणि भोवती लहान लहान खोल्या म्हणजे विहार, भिक्खूंच्या राहण्याची जागा. खोलीत दगडी ओटा असतो, तो झोपायचा. लेणी कोरायची ती वरून खाली. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळे परातीची (मचाणाची) गरज पडत नसे.

शेतकऱ्यानं वाचावा असा लेख मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णी राजानं भिक्खूंना शेत दिलं. काही वर्षांनी कळलं की ते गाव ओसाड पडलंय आणि शेत कोणी वाहत नाही. तेव्हा राजानं दुसरीकडे, शहराच्या शिवेवरची 100 निवर्तनं सरकारी जमीन दिली आणि हुकूम दगडात कोरला. तिथंच उषवदाताचा लेख आहे. त्यानं 3000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेवीत ठेवले. 2000 वर महिना शेकडा एक आणि 1000 वर महिना शेकडा पाऊण व्याज. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंची वस्त्रं. आजच्या बचत गटवाल्या बायांना हा हिशेब लगेच समजेल.

नाव कोरलं तर दोन वर्षं

संरक्षित लेण्यांत नाव कोरणं, बाण काढलेला बदाम, तेल-शेंदूर, भिंतीला टेकून चुन्याचं बोट पुसणं हे सगळं गुन्ह्यात बसतं. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 मध्ये सुधारणा झाली. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चित्रांवर फ्लॅश मारू नये. लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळ असतं, तेव्हा धूर, फटाके आणि गोंगाट टाळावा.

हे झालं तिकडचं. आपल्या शेतात नांगरताना, बोडी खोदताना मोठ्या जुन्या विटा, कोरीव दगड, नाणी लागली तर काय? गावात पहिला सल्ला मिळतो तो गपचूप विकून टाक, नाहीतर सरकार शेत नेईल. हा सल्ला नुकसानीचा आहे. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मालक कोणी पुढं आला नाही आणि जमीनमालक वेगळा असेल, तर तडजोड नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. सरकारनं ती वस्तू घेतली तर तिची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. लपवलं तर मात्र आपला हिस्साही जातो आणि शिक्षाही होते. वस्तू जागेवरच राहू द्यावी, धुवू-घासू नये, फोटो काढावा, तलाठ्याला कळवून अर्जाची पोच घ्यावी.