रेटबा : गुलाबी पाण्याचे सरोवर

सेनेगलची राजधानी डाकारपासून सुमारे ३० किलोमीटरवर, अटलांटिक किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांआड रेटबा हे खारे सरोवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम तीन चौरस किलोमीटर. पण मिठाचे प्रमाण काही ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंत जाते. साहजिकच पोहता न येणारा पर्यटकही येथे सहज तरंगतो. ‘ड्युनालिएला सलाइना’ हे सूक्ष्म शेवाळ प्रखर उन्हापासून बचावासाठी तांबडे रंगद्रव्य तयार करते. पाण्याला गुलाबी छटा येते ती त्यामुळे. नोव्हेंबर ते जून या कोरड्या काळात, भर उन्हात ती खुलते. ढगाळ दिवशी गेल्यास बहुधा निराशाच पदरी पडते.

रंगाइतकेच पाहण्याजोगे आहेत ते येथील मीठ काढणारे. शिया झाडाच्या बियांचे लोणी अंगाला चोळून ते छातीभर पाण्यात उतरतात, तळाचे मीठ फोडून होडीत भरतात. लोण्याचा लेप नसेल, तर खाऱ्या पाण्याने कातडी सोलून निघते. होड्यांतील मीठ काठावर वाहून नेण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे.

२०२२च्या अतिवृष्टीत पुराचे गोडे पाणी सरोवरात शिरले. पाण्याची पातळी वाढली, गुलाबी रंग लोपला, काठावरचे मिठाचे ढीग वाहून गेले आणि पर्यटकांबरोबर अनेकांची रोजीरोटीही गेली.