तेराशे रुपयांचा हिशोब

कोलकात्याच्या दक्षिणेला, बेहालातून डायमंड हार्बर रोडने पुढे गेले की सखेरबाजारजवळ बरिशा लागते. आता वरून मेट्रो धावते, खाली मिठाईची आणि औषधांची दुकाने आहेत. एका गल्लीत सावर्ण रायचौधुरी घराण्याची जुनी वास्तू आहे. तिथली दुर्गापूजा १६१० पासून चालत आल्याचे घराणे सांगते. पूजेच्या जागेपाशी जुन्या ‘आठचाला’ मंडपाचे खांब उरले आहेत. नोव्हेंबर १६९८ मध्ये सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचा व्यवहार याच मंडपात झाला, अशी परंपरा आहे. घेणारी ईस्ट इंडिया कंपनी होती. किंमत ठरली १३०० रुपये.

‘तेराशे रुपयांत कोलकाता गेले’ हे वाक्य त्या शहरात कुणीही ऐकवते. ऐकणारा हसतो, किंवा हळहळतो. मला मात्र वाटते की या वाक्यात दोन चुका आहेत, आणि त्या दुरुस्त केल्या तर अर्थशास्त्राचा एक मूलभूत धडा हाती लागतो.

पहिली चूक, काय विकले गेले याबद्दलची. फारसी खरेदीखतात गावांचा सारा, पडीक जमीन, तळी, बागा, मासेमारीचे आणि रानाचे हक्क, कारागिरांकडून येणारी पट्टी यांची नोंद आहे. म्हणजे विकली गेली ती वसुलीची जमीनदारी. मालकी सांगणारे मोगल सरकार वर होतेच, आणि त्याच्या खजिन्यात दरसाल सुमारे बाराशे रुपये भरण्याची जबाबदारी आता कंपनीवर आली. या व्यवहाराला परवानगी मिळावी म्हणून कंपनीने बंगालचा सुभेदार, औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान याला १६,००० रुपये दिले. विकणाऱ्याला तेराशे आणि होकार देणाऱ्याला त्याच्या बारापट! घराण्याची आठवण अशी की पूर्वजांची विकायची इच्छा नव्हती, वरून हुकूम आला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या आठवणीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

दुसरी चूक पैशाच्या काळाबद्दलची. १६९८ चे तेराशे आणि आजचे तेराशे एक नव्हेत, हे सगळ्यांना कळते. पण किती वेगळे? तेराशे रुपये ३२५ वर्षे चक्रवाढीने ठेवले असते, तर ३ टक्क्यांनी त्यांचे सुमारे १.९ कोटी होतात, ५ टक्क्यांनी सुमारे १,००० कोटी, आणि ७ टक्क्यांनी सुमारे ४.६ लाख कोटी. दोन-दोन टक्क्यांच्या फरकाने उत्तर गावावरून ब्रह्मांडात जाते. तेव्हा ‘स्वस्तात गेले की महागात’ हे आकड्यावरून ठरत नाही. आधी व्याजदर कोणता धरायचा, हे ठरवावे लागते.

हाच हिशोब उलट्या दिशेने केला की त्याला वर्तमान मूल्य म्हणतात. पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काय? समजा, एखाद्या हक्कातून खर्च वजा जाता दरसाल १०० रुपये कायम येणार आहेत. बाजारात ८ टक्के व्याज असेल तर त्या हक्काची आजची किंमत १,२५० रुपये, कारण १,२५० वर ८ टक्क्यांनी वर्षाला शंभरच मिळतात. दर १२ टक्के असेल तर किंमत ८३३. आणि उत्पन्नाची शाश्वती इतकी कमी असेल की घेणारा २५ टक्के मागेल, तर अवघे ४००. उत्पन्न तेच, किंमत तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली.

त्याच दशकात लंडनमध्ये हे गणित मुरत होते. धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील मृत्यूंच्या नोंदींवरून कोणत्या वयाच्या माणसाला आजन्म वर्षासन किती किमतीला विकावे, याचे कोष्टक मांडले. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली आणि तिने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले. बंगालात मात्र अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातही कंपनीला १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मोजावे लागे.

आता बरिशाच्या बाजूने पाहू. १६९६ मध्ये शोभा सिंहाचे बंड पेटले, बर्दवानचा राजा मारला गेला, हुगळीच्या काठावर लूट झाली. पीक येवो न येवो, खजिन्यात भरायची रक्कम चुकत नव्हती. अशा जमीनदाराच्या दृष्टीने त्या तीन दलदलीच्या गावांचे पुढचे उत्पन्न फार धूसर होते. कंपनीचे तसे नव्हते. त्याच बंडाचा आधार घेऊन तिने किल्ला बांधायला सुरुवात केली होती. तिच्याकडे तोफा होत्या, जहाजे होती, माल घेणारी दूरची पेठ होती. शिवाय खरेदीखतात एक कलम होते: उद्या कुणी या गावांवर हक्क सांगत आला, तर त्याचे निवारण विकणाऱ्यांनी करायचे. जोखीम घेणाऱ्याने टाळली आणि देणाऱ्याच्या गळ्यात बांधली. म्हणून त्याच तीन गावांची किंमत दोघांच्या वहीत वेगळी होती. तेराशे हा आकडा कोलकात्याची योग्यता सांगत नाही, विकणाऱ्याची असुरक्षितता सांगतो.

मराठी वाचकाला इथे थांबून सुस्कारा टाकता येणार नाही, कारण पुढच्या पानावर आपण आहोत. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरले. कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. कंपनीने त्यासाठी २५,००० रुपये उसने दिले. ठरलेल्या सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाले, मराठे शहरावर आलेच नाहीत आणि काम थांबले. त्याला नाव मात्र ‘मराठा खंदक’ असेच पडले. बंगाली आया अजूनही मुलांना झोपवताना बर्गी आल्याचे सांगतात. त्या अंगाईगीतात पाखरे धान्य खाऊन गेली आहेत आणि आता सारा कशातून द्यायचा, असा प्रश्न आहे. जोखीम दोन बाजूंनी येते आणि देणे मात्र ठरलेले, हे त्या आईला हॅलीच्या कोष्टकाशिवाय कळलेले होते.

१७५१ मध्ये अलिवर्दी खानाने तह केला: ओडिशा सोडला आणि बंगालची चौथाई म्हणून दरसाल १२ लाख रुपये कबूल केले. १२ टक्क्यांनी पाहिले तर नागपूरच्या वहीत ही एक कोटीची जिंदगी झाली. चौथाईला काही जण संरक्षणाचा हप्ता म्हणतात, विम्यासारखा. पण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर व्यापाऱ्यांची जोखमी हुंडी चालत असे. जहाज बुडाले तर पैसे मागायचे नाहीत, ही तिची अट. ती विकत घेणारा मोबदला घेऊन समुद्राची जोखीम स्वतःच्या अंगावर घेई. वादळ त्याने आणलेले नसे. चौथाईत हप्ता घेणारा आणि वादळ एकच होते. याला विमा म्हणू नये.

त्या कोटीचे पुढे काय झाले तेही पाहावे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. नागपूरकर थकबाकी मागत राहिले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटकही गेले. धाकावर उभ्या असलेल्या उत्पन्नाचे मूल्य धाक असेपर्यंतच, त्याला ‘कायम’ धरून भागाकार करणेच चूक होते.

१६ मे २००३ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने निकाल दिला की जॉब चार्नॉक हा कोलकात्याचा संस्थापक नव्हे आणि २४ ऑगस्ट हा शहराचा जन्मदिवस नव्हे. सावर्ण घराण्याच्या परिषदेने त्यासाठी दाद मागितली होती. ज्यांच्या पूर्वजांची सही तेराशेच्या कागदावर आहे, त्यांना तीनशे वर्षांनी पैसे नको होते. ही गावे आधीपासून नांदती होती, एवढी नोंद त्यांना हवी होती.

बेहालाच्या गल्ल्यांत आज जुनी दुमजली घरे एकेक करून पाडली जातात. बिल्डर रोख रक्कम सांगतो, किंवा दोन-तीन वर्षांनी इतके फ्लॅट देईन म्हणतो. घरातली वडीलधारी माणसे ओट्यावर बसून विचार करतात. त्यांच्यासमोर प्रश्न तोच आहे: पुढच्या पैशाची आज किंमत काय, बांधकाम रखडले तर तोटा कुणाचा, आणि हे कलम कागदावर कुणाच्या नावाने लिहिले आहे? सही करण्यापूर्वी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावे. बरिशाचे खांब तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.