कारवान कुत्रा

कारवान कुत्रा : शिकारी कुत्र्यांची एक भारतीय जात. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर या जिल्ह्यांत आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात ती प्रामुख्याने आढळते. ‘मुधोळ हाउंड’ या नावाने प्रसिद्ध असलेला कुत्रा व कारवान हे मूलतः एकच होत. पश्मी हा त्याचाच कान, पाय व शेपटी यांवर लांब केस असलेला प्रकार मानतात. फार्सीत पश्म म्हणजे लोकर.

वास घेत माग काढण्यापेक्षा सावज नजरेने हेरून त्याचा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात कारवान मोडतो. ब्रिटनमधील टेरिअर हा लहान कुत्रा बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर हुसकावण्यासाठी जोपासला गेला. त्याचे नावच लॅटिनमधील भूमिवाचक शब्दावरून आले आहे. कारवानची घडण याच्या अगदी उलट आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतील उघड्या माळावर आडोसा थोडा आणि ससा चपळ. तेथे उपयोग लांब पल्ल्याच्या धावेचा. त्यामुळे अरुंद व लांब डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब सडपातळ पाय आणि आखूड केस ही त्याची लक्षणे होत. खांद्यापाशी उंची साधारणपणे ६५ ते ७० सेंमी. असते. अपरिचितांशी तो फटकून वागतो. म्हणून वस्तीच्या राखणीसही तो उपयोगी पडतो.

या जातीचा उगम पश्चिम आशियातील सलुकी व ताझी यांसारख्या कुत्र्यांपासून झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. व्यापारी व सैनिक यांच्याबरोबर असे कुत्रे दख्खनमध्ये आले आणि येथील हवामानात टिकलेल्या कुत्र्यांतून जात स्थिर झाली, असा हा तर्क आहे. शरीररचना त्यास अनुकूल आहे. शिवकालाशी या कुत्र्याचा संबंध जोडणाऱ्या कथा मात्र आख्यायिका म्हणूनच घ्याव्या लागतात.

नावाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. या परिसरातील इतर पशूंच्या जातींना स्थानिक ओळख मिळाली : माडग्याळी मेंढी जत तालुक्यातील गावाच्या नावाने, तर खिलार बैल खरसुंडीसारख्या यात्रांतील बाजारांमुळे नावारूपास आला. कुत्र्याचे नाव मात्र तांड्याचे. ग्रामीण भागात तो ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. धनगर व फिरस्त्या जमातींनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, पण त्यांनी लेखी वंशावळ ठेवली नाही. प्रसिद्धी मिळाली ती संस्थानिकामुळे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगतात. तेव्हापासून मुधोळचे नाव रूढ झाले.

राजकीय सीमांनीही या भेदास हातभार लावला. १९४८ मध्ये मुधोळ संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व १९५६ मध्ये तो भाग म्हैसूर राज्यात गेला. १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा काढलेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला व महाराष्ट्रात राहिला. एकाच पट्ट्यातला कुत्रा अशा रीतीने दोन राज्यांत विभागला गेला. केनेल क्लब ऑफ इंडिया त्यास ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीस बंदी आली. ती आवश्यकच होती; परंतु ज्या कसोटीवर या कुत्र्याची निवड होत असे ती नाहीशी झाली. अधिक वेगासाठी ग्रेहाउंडशी केलेल्या संकरामुळे मूळ वाण भेसळला. वेग वाढला, पण उन्हातान्हात तुटपुंज्या आहारावर टिकण्याचा काटकपणा उणावला.

कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये या जातीवर तिकीट काढले. २०१६ मध्ये सैन्याने चाचणीसाठी काही पिल्ले मेरठ येथे नेली. पुढे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम व चिप्पीपराई यांच्यासमवेत या जातीची नोंदणी केली. नोंदीत नाव ‘मुधोळ हाउंड’ असेच आहे.