हरिहरेश्वर: दैवत पेशव्यांचं, मुलूख सिद्दीचा

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केलीये का? देवळामागे कड्यातल्या अरुंद घळीतून पायऱ्या उतरायच्या की एकदम समोर समुद्र. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत.

हे पेशव्यांचं कुलदैवत. शेजारच्या श्रीवर्धनचं भट घराणं सिद्दीशी बिनसल्यामुळे घाटावर गेलं, असं सांगतात. १७१३ मध्ये त्यातले बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. पुढे १७५८ ला मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. पण घरचं गाव? पेशवाई १८१८ ला संपली. सिद्दीचं जंजिरा संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकलं, आणि श्रीवर्धन त्यातच होतं!

जाणार असाल तर ओहोटीलाच जा. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते, माणसं वाहून गेलीत इथे. मॅप रस्ता दाखवतो, भरती नाही. गावात विचारूनच उतरा.